वॉरंटी तीन वर्षांची, धाक पंधरा वर्षांचा

नवी गाडी दारात आली की पेढ्यांसोबत एक सल्लाही घरात येतो : "सर्व्हिसिंग कायम कंपनीतच करा. बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका." शोरूममधला माणूस हे सांगतो, शेजारचे काका सांगतात, ऑफिसातले सहकारी सांगतात, आणि सगळे मनापासून सांगतात. कारणंही तयार असतात. बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते. ओरिजिनल पार्ट फक्त कंपनीत मिळतो. आजच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, साध्या मेकॅनिकला त्या कळत नाहीत. कंपनीचा रेकॉर्ड असला तर विकताना भाव येतो. आणि काही बिघडलंच, तर जाब विचारायला समोर मोठी कंपनी असते.

या पाचही कारणांत थोडंथोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद नीट केला पाहिजे. माझं म्हणणं असं की त्या तथ्याला ताणून ताणून त्याचा धाक केला गेला आहे. या धाकाचे पैसे सामान्य गाडीमालक वर्षानुवर्षं मोजतो. आणि ज्यांच्या हातांवर या राज्यातली असंख्य जुनी वाहनं रस्त्यावर टिकून आहेत, ते गॅरेजवाले सरसकट अडाणी आणि लबाड ठरतात. हे दोन्ही अन्याय आहेत.

सुरुवात वॉरंटीपासून करू, कारण बाकीची भीती तिच्याच आधाराने उभी आहे. देशात सर्वांत जास्त गाड्या विकणाऱ्या मारुतीने जुलै 2024 मध्ये आपली मूळ वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. इतर कंपन्यांची मुदतही साधारण याच्या आसपास फिरते. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते, आणि पुढे तिचं नूतनीकरणही होतं. म्हणजे गाडीच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं वॉरंटी नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते. तरीही आठ वर्षं जुन्या गाडीचा मालक "बाहेर दिली तर वॉरंटीचं काय" या सवयीने पुन्हा कंपनीच्या रांगेत उभा राहतो. गेलेल्या वॉरंटीची भीती कशाला बाळगायची?

वॉरंटी चालू असतानाही हा धाक दाखवतात तितका पक्का नाही. एका ग्राहकाने 2011 मध्ये तीन कार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता. या कंपन्यांनी सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि दोष शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली नाहीत, आणि त्यामुळे ग्राहकाला त्यांच्याच डीलरकडे जाण्यावाचून पर्याय उरला नाही. आदेशात आणखी एक गोष्ट होती, ती प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावी : स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2016 मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निस्सान या तीन कंपन्यांच्या बाबतीत दंडाची रक्कम खाली आणली, पण दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला.

हे सगळं ठाऊक असूनही मी सांगेन की पहिली तीन वर्षं सर्व्हिसिंग कंपनीतच करा. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसना मजुरी लागत नाही, फक्त ऑइल, फिल्टर यांचे पैसे पडतात. शिवाय उद्या इंजिन किंवा गिअरबॉक्सचा मोठा दावा करायची वेळ आली, तर वाद घालत बसण्यापेक्षा कागद सरळ असलेले बरे. पण बॅटरी बाहेरून बदलली, टायर बाहेरून टाकले, पंक्चर काढलं, वायपर बदलले म्हणून "आता तुमची वॉरंटी गेली" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे एकच मागणी करावी : कोणत्या कामामुळे कोणतं नुकसान झालं, ते लेखी द्या. तोंडी धाक देणाऱ्यांपैकी फार थोडे तो कागदावर उतरवतील.

मूळ मुदत संपत आली की वाढीव वॉरंटीचा आग्रह सुरू होतो. ती घ्यायला माझी हरकत नाही, पण आधी तिचं पुस्तक वाचावं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बल्ब, वायपर हे वापराने झिजणारे भाग तिच्यात सहसा येत नाहीत, आणि सामान्य मालकाचा खर्च बहुतेक याच भागांवर होतो. वाढीव वॉरंटीची किंमत म्हणजे केवळ तिचा हप्ता नसतो. त्या सगळ्या वर्षांत कंपनीच्या दराने केलेलं प्रत्येक सर्व्हिसिंग त्या हिशेबात धरावं लागतं. सगळं मांडून फायदा दिसला तर जरूर घ्यावी. भीतीपोटी घेऊ नये.

आता ओरिजिनल पार्टचा मुद्दा. कार कंपनी फिल्टर, ब्रेक पॅड, शॉकॲब्सॉर्बर, बल्ब, बॅटरी यांतलं फारसं काही स्वतः बनवत नाही. हे भाग पुरवठादारांच्या कारखान्यांत बनतात. पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज या पट्ट्यांत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कारण त्याच्या घरातलं कुणीतरी अशाच कारखान्यात पाळी करतं. नाशिकच्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेल गाड्यांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. अनेकदा तोच बनवणारा तोच भाग स्वतःच्या खोक्यातही विकतो आणि कार कंपनीच्या खोक्यातही भरतो, आणि खोक्यागणिक किंमत बदलते. पुरवठादारांनी असे भाग थेट बाजारात विकू नयेत यासाठी घातलेली बंधनं हा स्पर्धा आयोगापुढच्या प्रकरणाचा गाभाच होता.

नकली माल बाजारात आहे, हे मी नाकारत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत नकली माल जिवावर बेतू शकतो. पण त्यावरचा इलाज माल ओळखायला शिकणं हा आहे. पुण्यात नाना पेठेत गेलात तर दुकानदार एकाच भागाचे तीन प्रकार समोर ठेवतो : कार कंपनीच्या पॅकिंगमधला, मूळ पुरवठादाराच्या पॅकिंगमधला आणि लोकल. पहिले दोन बिनधास्त घ्यावेत. तिसरा ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिनसाठी कधीही घेऊ नये, मग मेकॅनिक कितीही ओळखीचा असो. पाकिटावरची छापील किंमत, पार्ट नंबर आणि दुकानाचं पक्कं बिल या तीन गोष्टी हातात असल्या, तर बहुतेक फसवणूक दारातच थांबते.

तिसरं कारण सर्वांत जोरात सांगितलं जातं : गाड्या आता कॉम्प्युटरवर चालतात. खरंच आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराचं बीएस-6 मानक लागू झालं, एप्रिल 2023 मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. धुराचं नियंत्रण आता ढीगभर सेन्सरांवर चालतं. बीएस-6 डिझेलच्या धुराड्यातला फिल्टर काजळीने भरला तर स्कॅनर लावून तो साफ करावा लागतो. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याने अशा गाडीला हात लावू नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण गॅरेजवाल्याकडे ती माहिती का नाही, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा युक्तिवाद पूर्ण होत नाही. अनेक गाड्यांचे स्कॅनर आज स्वतंत्र गॅरेजांमध्येही आहेत. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला ते जोडले की धुराशी निगडित सर्वसाधारण दोषांचे कोड वाचता येतात. अडतं ते पुढे. नव्या चावीची नोंद, बदललेल्या मॉड्यूलचं प्रोग्रॅमिंग, वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीची मॅन्युअलं यांना कंपन्यांनी कुलूप घातलेलं असतं. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि दुसऱ्याला दार उघडता येत नाही म्हणून त्याला नालायक म्हणायचं, हा न्याय नव्हे. युरोपीय संघाने 2007 च्या नियमातच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणं कार कंपन्यांवर बंधनकारक केलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2012 मध्ये तसा कायदा मतपेटीतून मंजूर केला. तिथल्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स काही कमी नाही. माहिती खुली झाली की मेकॅनिक शिकतो, एवढाच याचा अर्थ.

कौशल्याचं म्हणाल तर गॅरेजमधला मेकॅनिक आकाशातून पडत नाही. कुणी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला असतो. कुणी डीलरच्याच वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून, हात बसल्यावर स्वतःचं शेड टाकलेलं असतं. कंपनीतल्या ज्या हातांवर आपण विश्वास टाकतो, तेच हात बाहेर पडून स्वतःच्या नावाने काम करू लागले की अविश्वासू कसे ठरतात?

या कौशल्याचे पुरावे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी या शतकाच्या सुरुवातीलाच बंद झाली. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. पाठीशी कंपनी नसताना ही काळी-पिवळी वीस वर्षं पोटासाठी रोज धावली, ती कुणाच्या जिवावर? शेवरोलेचं उदाहरण तर याहून ताजं आहे. जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यात शेवरोलेची बीट ही गाडी बनत होती. 2017 संपताना जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली. 2021 मध्ये फोर्डनेही इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सुटे भाग आणि सेवा देत राहू, असं दोन्ही कंपन्या म्हणाल्या. पण गावोगावची शोरूम मिटत गेली आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या मालकाला अधिकृत वर्कशॉप लांब पडलं. त्याची बीट किंवा फोर्डची फिगो आज चालते आहे ती गावातल्या गॅरेजवाल्यामुळे. ज्या नावावर आयुष्यभर भरवसा ठेवायला सांगितलं जातं, ते नावच देश सोडून जाऊ शकतं.

कामाच्या पद्धतीतलाही एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादात तोच सर्वांत महत्त्वाचा. अधिकृत वर्कशॉपची रचना पार्ट बदलण्यासाठी असते. अल्टरनेटर चार्जिंग देत नाही, तर अख्खा अल्टरनेटर बदला. हेडलाइटचा एक कान मोडला, तर अख्खा हेडलाइट बदला. एसीच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग वाजतं, तर कॉम्प्रेसर बदला. वॉरंटीत कंपनी खर्च करत असताना ही पद्धत सोयीची असते, कारण काम लवकर उरकतं आणि नव्या भागाची हमी देता येते. पण आठ वर्षांच्या गाडीच्या मालकाला हा हिशेब परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. ऑटो इलेक्ट्रिशियन अल्टरनेटर खोलतो, झिजलेले ब्रश किंवा रेग्युलेटर बदलतो, बेअरिंग टाकतो आणि गाडी परत देतो. बंपरची चीर प्लास्टिक वेल्डिंगने भरते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून मोडलेला भाग पुन्हा उभा करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. ही दुरुस्तीची विद्या आहे. ती मेली, तर प्रत्येक किरकोळ बिघाडाला आपल्याकडे एकच उत्तर उरेल : नवीन घ्या. त्यात आपला पैसा जातो आणि धातू-प्लास्टिकचा ढीग वाढतो.

याला जोडूनच सर्व्हिस ॲडव्हायझरबद्दल बोलावं लागतं. गाडीखाली झोपणारा हात एकाचा आणि आपल्याशी बोलणारं तोंड दुसऱ्याचं, अशी तिथली व्यवस्था. ॲडव्हायझरच्या डोक्यावर महिन्याच्या विक्रीचं टार्गेट असतं. मग मोफत तपासणी शिबिराच्या नावाने आवळा देऊन कोहळा काढला जातो : इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. यांतली कित्येक कामं गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसतात. त्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या पगाराची रचनाच तशी आहे. पण मालकाला मॅन्युअल उघडून "हे काम यात कुठे लिहिलंय ते दाखवा" असं विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि त्याने तो वापरावा.

चौथं कारण विक्रीच्या भावाचं. कंपनीच्या रेकॉर्डमुळे किलोमीटरची खात्री पटते, हे खरं. पण प्रत्येक बिलावर तारीख, किलोमीटर आणि टाकलेला पार्ट लिहून ती बिलं एका फायलीत ठेवली, तर तीच खात्री गॅरेजची बिलंही देतात. आणि जुनी गाडी बघायला जाताना आपण सोबत कुणाला नेतो? ओळखीच्या मेकॅनिकला. तो बॉनेट उघडतो, ऑइलची काडी बघतो, एक चक्कर मारतो, आणि लाखो रुपयांचा निर्णय त्याच्या शब्दावर होतो. दुसऱ्याची गाडी पारखायला तो चालतो, मग आपल्या गाडीचं ऑइल बदलायला का चालू नये?

पाचवं कारण उत्तरदायित्वाचं. तक्रारीला कंपनी असते, हे बरोबर. पण ग्राहक संरक्षण कायदा सेवेतल्या त्रुटीसाठी मोठ्या वर्कशॉपला लागू आहे तसाच छोट्या गॅरेजलाही लागू आहे. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन दोघांसाठी एकच आहे, जिल्हा ग्राहक आयोगही एकच. अट एवढीच की आपल्या हातात बिल हवं. बिल नको म्हणून चार पैसे वाचवणारा ग्राहक आपला हक्क स्वतःच सोडून देतो.

इथे गॅरेजवाल्यांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत, कारण त्यांची बाजू घ्यायची तर त्यांच्या चुका झाकून चालणार नाही. प्रत्येक गाडीत एकाच डब्यातलं जाड ऑइल ओतणं बंद झालं पाहिजे. नव्या पेट्रोल इंजिनांना पातळ ग्रेडची ऑइल लागतात आणि धुराड्यात फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना कमी राखेची. चुकीचं ऑइल महागडा फिल्टर खराब करतं. कच्च्या चिठ्ठीवर हिशेब देणं बंद व्हावं. जुनं ऑइल गटारात ओतणं बंद व्हावं. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच गेलं पाहिजे. शाळेत असायला हवीत अशी पोरं पान्याला जुंपणं तर तत्काळ थांबलं पाहिजे. मान मागायचा असेल तर ही शिस्त लावून घ्यावीच लागेल.

मग निवड कशी करायची? पाटी वाचून नव्हे, काम पाहून. कंपनीने दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील, एअरबॅगचा प्रश्न असेल, सॉफ्टवेअर अपडेट हवा असेल, हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या उच्च दाबाच्या बॅटरीला हात लावायचा असेल, तर अधिकृत वर्कशॉपच गाठा. तिथे दुसरा विचार नको. वॉरंटी संपलेल्या गाडीचं ऑइल, फिल्टर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, कूलंट, एसी, बॅटरी ही कामं चांगला गॅरेजवाला तितकीच नीट करतो. चांगला कोण, हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. तो आधी एस्टिमेट देतो आणि खर्च वाढला तर फोन करून विचारतो. काढलेला जुना पार्ट न मागता समोर ठेवतो. ब्रेक पॅड बदला म्हणताना उरलेली जाडी मोजून दाखवतो. ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडतो. आणि जे काम त्याला येत नाही, ते येत नाही म्हणून सांगतो. ही शेवटची खूण मी सर्वांत वर ठेवीन. याच कसोट्या कंपनीच्या वर्कशॉपलाही लावा. काही डीलर त्यांत उत्तम उतरतात, आणि अशा डीलरकडे जाण्यात काहीच गैर नाही.

पण व्यक्तीच्या शहाणपणावर हा प्रश्न सोडून देता येणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही घेतली, आणि 24 डिसेंबर 2022 रोजी त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. पाऊल योग्य दिशेने पडलं. मात्र पोर्टलवर कंपनीचं नाव झळकणं आणि सांगलीच्या किंवा परभणीच्या गॅरेजवाल्याच्या हातात मॅन्युअल पडणं यांत फार मोठं अंतर आहे. मॅन्युअल, वायरिंगचे नकाशे आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर वाजवी किमतीत प्रत्येक नोंदणीकृत गॅरेजला मिळालंच पाहिजे, असा बंधनकारक कायदा हवा. स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये जे सांगितलं, ते प्रत्यक्षात यायला ग्राहकाने आणखी किती वर्षं थांबायचं? आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बीएस-6 इंजिनं आणि चालू स्थितीतले स्कॅनर हवेत. गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हे मागावं, आणि गाडीमालकांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं, कारण बिल शेवटी आपणच भरतो.

गाडीचं कर्ज आपण फेडतो, विमा आपण भरतो, अपघात झाला तर जबाबदारी आपली असते. मग ती कुणी खोलायची आणि कुणी जोडायची, हा निर्णयही आपलाच असला पाहिजे. तो घेताना माहिती घ्या, बिल घ्या, प्रश्न विचारा. धाकाला मात्र बळी पडू नका, आणि आपल्या गल्लीतल्या कारागिराचा हात न पाहताच त्याला नापास करू नका.